मापाचा डबा, माझ्या नावाचा

कॅलरी मोजून जेवणाचा डबा घरपोच देणाऱ्या सेवा पुण्या-नागपुरात आता बऱ्याच झाल्या आहेत. यवतमाळातही अशी एक आहे. एक आहारतज्ज्ञ बाई आणि त्यांच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या काही जणी, एवढाच तो व्याप. आमचं गाव यवतमाळपासून पस्तीसेक किलोमीटरवर, दारव्हा रस्त्यावरून आत. घरपोच म्हणून जे काही असतं ते आमच्या फाट्याच्या अलीकडेच थांबतं. तरी मार्गशीर्षात मी आठवडाभर तो डबा खाल्ला. तो गावापर्यंत कसा आला, त्यात काय होतं आणि घरात काय काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण खेड्यात राहणाऱ्या बाईचा असा अनुभव मी शोधूनही मला वाचायला मिळाला नव्हता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि गावातच राहते. घरी वावर आहे: कापूस, तूर, सोयाबीन. दिवाळीनंतर रक्त तपासलं तर एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेअठ्ठावीसच्या वर जातो, आणि आपल्या लोकांसाठी २३ नंतर जास्त वजन व २५ नंतर लठ्ठपणा धरतात. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात, माझी बरीच पुढे गेलेली. माझ्या आईची साखर आणि तिच्या पायाची न भरणारी जखम मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. त्यामुळे डॉक्टर 'खाणं मोजा' म्हणाले तेव्हा ते मी हसण्यावारी नेलं नाही.

डबा सुरू होण्याआधी आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवर बरंच काही विचारलं. उंची, वजन, रिपोर्ट, कामाचं स्वरूप, झोप. मग म्हणाल्या, "दोन-तीन दिवस वहीत सगळं लिहून ठेवा. ताटात घेतलेलं लिहालच, उभ्याने खाल्लेलंही लिहा."

ते उभ्याने खाल्लेलं लिहिताना मी स्वतःच थांबून बघायला लागले. सकाळी मुलाच्या ताटात राहिलेली अर्धी पोळी. गंजाच्या तळाशी उरलेला भात, तो दुसऱ्या दिवशी कोण खाणार म्हणून. भाजीची वाटीभर तर्री, टाकवत नाही म्हणून. चिवड्याचा डबा भरताना मूठभर. यातलं काहीच भूक लागली म्हणून पोटात गेलेलं नव्हतं. आणि उलटही होतं: पाहुणे आले की भाजी संपते, त्या रात्री मी ठेचा-भाकरीवर निजते. म्हणजे माझं जेवण किती, हे माझ्या भुकेवर नाही, तर बाकीच्यांनी किती ठेवलं त्यावर ठरत होतं. आमच्या गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं असंच असेल, हे मी शपथेवर सांगू शकते.

माझ्यासाठी दिवसाला १४०० कॅलरी ठरल्या. दुपारचा डबा ४५० चा, रात्रीचा ४०० चा. सकाळची न्याहारी घरची पण मोजून, ३०० ची. उरलेल्या २५० मध्ये फळ, दूध, चहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला १६६० कॅलरी सांगितल्या आहेत. वजन उतरवायचं म्हणून त्याहून थोडं खाली, पण उपाशी राहावं लागेल इतकं खाली नाही. हे त्यांनी समजावून सांगितलं म्हणून माझा विश्वास बसला. १०००-१२०० वर आणून झटपट किलो उतरवून देतो म्हणणाऱ्या जाहिराती मी पाहिल्या आहेत, त्यांच्या वाटेला मी गेले नसते.

आता डबा यायचा कसा? आमच्या शाळेतले एक सर रोज यवतमाळहून अपडाउन करतात. स्वयंपाकघर त्यांच्या वाटेवर. सकाळी साडेनऊला ते तिथून पिशवी घेत, मोटारसायकलच्या हँडलला अडकवत आणि शाळेच्या गेटातूनच हाक मारत, "मॅडम, तुमचं पार्सल!" पिशवीत दोन्ही वेळचे डबे. दुपारचा शाळेत, रात्रीचा मधल्या सुट्टीत घरी नेऊन फ्रिजमध्ये. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असं आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, आणि रात्रीच्या डब्याखाली बर्फाची पिशवी ठेवून देत. हिवाळा होता म्हणून हे जमलं. चैत्र-वैशाखात यवतमाळच्या ४३-४४ अंशांत हा उद्योग कोणी करू नये.

पहिला डबा शाळेच्या ओसरीवर उघडला. ज्वारीची एक भाकरी, ५० ग्रॅम पिठाची, तळहाताहून थोडी मोठी. मोड आलेल्या मटकीची उसळ, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. पालकाची डाळभाजी. गाजर-काकडीची कोशिंबीर. दही. झाकणावर चिकटवलेल्या कागदावर माझं नाव, तारीख, आणि खाली: ऊर्जा ४५०, प्रथिने २०, तेल ५ ग्रॅम.

तो आकडा वाचून मी चमकले. शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीत हेच तर मी रोज लिहिते. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने. तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५०, तेल ५. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिने, तांदूळ १५०, तेल साडेसात ग्रॅम. हजेरी घ्यायची, त्या हिशेबाने स्वयंपाकीण ताईंना तांदूळ काट्यावर मोजून द्यायचा, सही करायची. दुसऱ्यांच्या लेकरांच्या पोटात किती जातं याचा हिशेब शासनाला देणारी मी, आणि माझ्या स्वतःच्या घरात भाकरी केवढ्या पिठाची होते ते मला सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी तालुक्याहून मागवलेला छोटा काटा ओट्यावर ठेवला. आमची रोजची भाकरी भरली १०० ग्रॅम पिठाची. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३५ कॅलरी. दोन भाकरी म्हटलं की भाजी, वरण, भात यांच्या आधीच पावणेसातशेच्या घरात. मग तेल मोजलं. आमच्याकडे सोयाबीन तेलाचा १५ किलोचा पिपा येतो आणि पाच माणसांत दोन महिने पुरतो. भागाकार केला तर माणशी दिवसाला ५० ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ४५०. माझं दुपारचं अख्खं जेवण बसेल एवढं नुसतं तेल! बैठ्या कामाच्या बाईला वरून घालायचं तेल-तूप दिवसाला २० ग्रॅम पुरे, असं त्याच तक्त्यात आहे. वऱ्हाडात भाजीवर तर्री तरंगली नाही तर 'भाजी झालीच नाही' म्हणतात. मीही तशीच भाजी करत आले आणि तशीच मला आवडते. पण भागाकार वहीत उतरल्यावर तो डोळ्यांपुढून जाईना.

सासूबाईंना हे सगळं आधी आवडलं नव्हतं. त्यांना माझ्या तब्येतीची काळजी होती, रागावल्या नव्हत्या. "काऊन वं, एवढुशा भाकरीत भागते का तुह्यं? आम्ही निंदाले जावो तं तीन भाकरी अन् ठेचा बांधून नेवो."

त्यांचं म्हणणं खरंच आहे, आणि या आठवड्यात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो त्यांच्या तीन भाकऱ्यांनी. त्याच तक्त्यात कष्टाचं काम करणाऱ्या बाईला २७२० कॅलरी दिल्या आहेत. माझ्यापेक्षा हजाराहून जास्त. सासूबाई निंदण करत, वेचणीला जात, दोन खेपा पाणी आणत, जात्यावर दळत. तीन भाकरी त्यांना लागतच होत्या. आता आमच्या घरी निंदणाच्या जागी बरेचदा फवारणी, नांगरट ट्रॅक्टरने, पीठ गिरणीत, पाणी नळाला, आणि शाळेत मी स्कूटीवर जाते. काम कमी झालं, ताट तेवढंच राहिलं. त्यावर बेकरीची बिस्किटं, लग्नातलं पनीर आणि चौकातला आलूबोंडा यांची भर. शहरात लठ्ठपणा बसून खाल्ल्याने येतो आणि खेड्यातली माणसं राबतात म्हणून तंदुरुस्त, असं लिहिणाऱ्यांनी आमच्या गावातल्या रक्त तपासणीच्या शिबिराला येऊन बसावं. पण त्याच शिबिरात वेचणीला जाणाऱ्या बायकाही येतात, बहुतेक हडकुळ्या, रक्त कमी असलेल्या. त्यांना १४०० चा डबा देणं अन्याय होईल. एकाच गल्लीत दोन टोकं आहेत.

भुकेचं विचाराल तर पहिले काही दिवस संध्याकाळी पाचच्या सुमाराला पोट ओरडायचं. शाळा सुटून घरी आले की पूर्वी मी चिवडा घेऊन बसत असे. त्या वेळेला त्यांनी भाजलेले हरभरे मूठभर आणि एक पेरू सांगितला होता. पेरू आमच्याच आवारातला. त्याने निभावलं. चहाने मात्र छळलं. गावात चहा साखर टाकूनच उकळतात, वेगळा बिनसाखरेचा कोणी करत नाही, आणि पालकांच्या घरी गेले की "घोटभर तरी घ्या ना बाई" यातून सुटका नसते. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे ४० कॅलरी, आणि दिवसाला असे पाच-सहा कप सहज होतात. दोनशेच्या वर गेले की! शेवटी मी सरळ सांगायला लागले, मला साखरेचा त्रास निघालाय, पाणी द्या. कोणालाही राग आला नाही. उलट दोन घरांतल्या बायांनी आपापले रिपोर्ट आणून दाखवले.

मार्गशीर्ष म्हणजे व्रतांचा महिना. गुरुवारचा महालक्ष्मीचा उपवास होता. त्यांनी उपवासाचा डबा पाठवला: भगर, फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) कुटातली कोहळ्याची भाजी, दही, राजगिऱ्याचा एक लाडू. एरवी माझ्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी असते, वाडगाभर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, वर फल्लीदाणे आणि तूप. फल्ली वाईट नाही, १०० ग्रॅममध्ये २३-२४ ग्रॅम प्रथिने असतात, पण कॅलरी ५०० च्या वर. एरवीच्या जेवणापेक्षा उपवासाचं जेवण जड, हे काट्यावर दिसलं.

आणि चंपाषष्ठी. त्या दिवशी आमच्याकडे खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. भावकीतल्या वावरात गोवऱ्यांचा आर पेटवलेला, त्यात कणकेचे जाडजूड रोडगे भाजायला टाकलेले. बाहेरून राखेचे डाग, काळपट कवच. ते झटकून रोडगा हाताने फोडला की आतून वाफ येते, आणि त्या फोडलेल्या भेगेत तूप ओततात. शेजारी वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचं, कच्चं तेल आणि सांभार घातलेलं. मी आदल्या रात्रीच फोन केला होता. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "देवाचं आहे, जरूर खा. एक रोडगा, तूप चमचाभर, भरीत हवं तेवढं. रात्रीच्या डब्यातली पोळी मी काढून टाकते." त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर निर्माण झाला तो या उत्तराने. रोडगा नको म्हणाल्या असत्या तर मी डबा तिथेच बंद केला असता. एक रोडगा सुमारे १०० ग्रॅम कणकेचा, तूप धरून चारशेपर्यंत. तो मी बसून, सावकाश, चव घेत खाल्ला.

सगळं चांगलंच होतं असं नाही. एका रात्री क्विनोआची खिचडी आली. आमच्या जिल्ह्यात ज्वारी पिकत असताना दूरच्या देशातलं महाग धान्य कशासाठी, ते मला कळलं नाही आणि मी तसं कळवलं. एक दिवस सरांची गाडी पंक्चर झाली, पिशवी उन्हात राहिली, आणि रात्री पनीरचा डबा उघडला तर आंबूस वास. टाकून दिला. आहारतज्ज्ञ बाईंनी पैसे परत केले, पण गावात रात्री आठ वाजता दुसरा डबा कुठून येणार? त्या दिवशी घरचं वरण, अर्धी भाकरी आणि मुळा खाल्ला. पदार्थ पुन्हा गरम केल्यावर फुलके चामट होतात, भाकरी मात्र तव्यावर टाकली की पुन्हा जिवंत होते. डबा मागवणार असाल तर भाकरीच मागा.

पैसे आठवड्याचे १८०० आगाऊ घेतले. आमच्याकडे निंदणाची मजुरी दिवसाला अडीचशे-तीनशे. म्हणजे मजूर बाईची आठवड्याची अख्खी कमाई. मी नोकरदार म्हणून हे करू शकले. कोणाला 'तुम्हीही डबा लावा' असं सांगायला माझी जीभ धजत नाही, आणि मलाही दर महिन्याला ते परवडणार नाही. म्हणून मी तो डबा शिकवणी लावल्यासारखा घेतला. जे जे आलं ते काट्यावर ठेवून वहीत उतरवलं: भाजी किती, डाळ घट्ट की पातळ, कोशिंबीर वाडग्याने किती.

त्यात मला सगळ्यात उपयोगी वाटलं सोयाबीन. सोयावडीची भाजी आली होती, लसूण-जवसाच्या चटणीत परतलेली. प्रथिनांचा आकडा त्या डब्यावर सगळ्यात मोठा. आमच्या वावरातलं सोयाबीन पोत्यांनी मार्केटला जातं. कोरड्या दाण्यात ३५ ते ४० टक्के प्रथिने. आमच्या घरात त्याचं फक्त तेल परत येतं, तेही विकत. आता गव्हात थोडं भाजलेलं सोयाबीन घालून दळून आणते. भाजून किंवा नीट शिजवूनच घ्यायचं, कच्चं पचत नाही. पोळीचा वास थोडा बदलतो, मुलाने दोन दिवस नाक मुरडलं, मग गप्प खायला लागला.

पण मला मनापासून लिहायचं आहे ते वेगळंच. त्या आठवड्यात रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर मी काय उरलं ते बघितलं नाही. माझं जेवण आधीच ठरलेलं होतं, माझ्या नावाचं, पूर्ण. त्यातली डाळ पाहुणा आला म्हणून कमी होणार नव्हती आणि गंजातला भात माझ्या पोटात ढकलावा लागणार नव्हता. उरलेलं गाईच्या टोपल्यात गेलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझं ताट कोणी आधी भरून ठेवलेलं मला आठवत नाही. मी सगळ्यांच्या बरोबर जेवायला बसले. अहो दोन-तीनदा म्हणाले, बरं वाटते तू बसली तं.

याच ओघात आहारतज्ज्ञ बाईंनी सासूबाईंचं वजन विचारलं. ४१ किलो. त्या म्हणाल्या, "त्यांचं वाढवायचंय." मोजमाप म्हणजे कमी करणं, असं मी धरून चालले होते. सासूबाई दात नाहीत म्हणून भात-वरणाचं पाणी खायच्या आणि पोट भरलं म्हणायच्या. त्यांच्यासाठी आता रोज घट्ट वरण, दोन उकडलेली अंडी किंवा दुधात शिजवलेला दलिया, वर चमचाभर तूप. तेच तूप माझ्या ताटातून निघालं आणि त्यांच्या ताटात गेलं. सुरुवातीला संकोच करत होत्या, आता स्वतः मागतात.

वजन आठवड्यात किलोभराने उतरलं. त्यातलं बरंचसं पाणी असतं, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी त्यावर फार खूश झाले नाही. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे खरं काय ते फाल्गुनात कळेल. डबा बंद केला आहे. घरी स्वयंपाक झाला की आधी दोन ताटं वाढून झाकते, सासूबाईंचं आणि माझं, मग बाकीच्यांना वाढते. भाकरी ५० ग्रॅमची थापायला हात अजून तयार झालेला नाही, पातळ करायला जावं तर फाटते. तेलाच्या पिप्यातून आठवड्याचं तेल मोजून बरणीत काढते आणि बरणी संपली की आठवडा संपेपर्यंत फोडणी चमचाभराचीच. यावेळचा पिपा दोन महिन्यांच्या पुढे जाईल असं दिसतंय.

आहारतज्ज्ञ बाईंना मी एक मागणी केली आहे. गावात डबा पाठवणं सोडा, आमच्या जिनसांचा मापाचा तक्ता करून द्या: ज्वारी, तूर, फल्ली, जवस, अंबाडी, चुनाची (बेसनाची) भाजी, रोडगा. एक रकाना वेचणीला जाणाऱ्या बाईसाठी आणि एक माझ्यासारखीसाठी. त्यांनी होकार दिला आहे. तक्ता हाती आला की आमच्या बचत गटाच्या बैठकीत वाचणार आहे, आणि शाळेचा काटा त्या दिवसापुरता मागून ठेवला आहे.